घर क्रमांक सात

काजलचा प्रबंध लिहून झाला, ही बातमी अश्लेषाला कॉलेजच्या कँटीनमध्ये कळली आणि तिची भूकच मेली. बातमी वाईट असती तर तिने आधी समोसा संपवला असता आणि मग सावकाश हळहळ व्यक्त केली असती. पण बातमी चांगली होती आणि दुसऱ्याची होती. ग्रंथपाल रीना ती सांगून दुसऱ्या टेबलाकडे गेली, आणि अश्लेषा थंड होत चाललेल्या चहाकडे बघत बसली.

तिच्या पोटात दुखण्याला कारण होतं, ते नाही म्हणता येणार नाही. आर्किटेक्चरच्या पीएचडीसाठी तिने नाव नोंदवलं त्याला सात वर्षं झाली होती. काजलला तीन. इमारत बांधणाऱ्याच्या मागे निदान घरमालक लागतो, ताबा कधी देता म्हणून भांडतो. प्रबंध लिहिणाऱ्याकडे ताबा मागायला कोणी येत नाही, त्यामुळे अश्लेषाचं बांधकाम सात वर्षं स्लॅबपर्यंत येऊन थांबलेलं होतं. मध्ये मुलगी दहावीला आली, मध्ये सासू पुष्पलताबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मध्ये कॉलेजच्या तपासणीच्या फायली आल्या. हे सगळं खरं होतं आणि ते ती सगळ्यांना सांगतही असे. काजलच्या मागे यातलं काही नव्हतं, हेही ती सांगत असे.

आता मात्र प्रकरण हातघाईवर आलं होतं. कॉलेजात सहयोगी प्राध्यापकाची एकच जागा निघाली होती, आणि जिची पीएचडी आधी होईल तिला ती मिळणार, हे व्यवस्थापनाने स्पष्ट सांगितलं होतं. अश्लेषाची नोंदणी जूनमध्ये संपत होती. त्यानंतर मुदतवाढ नव्हती.

आणि काजल होती कोण? अश्लेषाचीच विद्यार्थिनी. कुहीकडच्या एका खेड्यातून नागपूरला आलेली, पहिल्या वर्षाला रेघा ओढायचा टी-स्क्वेअर उलटा धरणारी पोर. घर मोजायचं कसं, ते तिला अश्लेषाने शिकवलं. टेपचं शून्याचं टोक नेहमी स्वतः धरायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, हेही तिनेच सांगितलं. पुढे दोघींना गाईड एकच मिळाले, डॉक्टर सुशील पोहनकर, आणि विषयही जवळजवळ एकच. धानाच्या पट्ट्यातली घरं. अश्लेषाचा विषय घरातल्या जागांचा वापर, काजलचा घरातल्या बायकांच्या कामाच्या वाटा. गुरूची विद्या गुरूला फळली, असं अश्लेषा घरी म्हणाली, तेव्हा तिचा नवरा धर्मेंद्र पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "मंग तू काहून जळून राहिली? फळली तं खरी."

मौद्याच्या प्लांटवर इंजिनीअर असलेल्या या माणसाशी भावनांविषयी बोलण्यात अर्थ नाही, हे तिला लग्नानंतर पहिल्याच वर्षी समजलं होतं.

पोहनकर सरांनी काजलचा मसुदा अश्लेषाकडे वाचायला पाठवला. वरिष्ठ म्हणून एकदा नजर घाला, असं त्यांनी चांगल्या मनाने लिहिलं होतं. अश्लेषाने नजर घातली नाही, रोखली. दोन रविवार ती हुडकेश्वरच्या घरात जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन बसली. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, अशी ती बैठक होती. पहिल्या तीन प्रकरणांत तिला बारा शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या. त्यांनी तिचं समाधान झालं नाही. त्यातून मजकूर चांगला होता, हे तिला पानोपानी दिसत होतं आणि प्रत्येक पानागणिक ती अधिकच चिडत होती.

मग घर क्रमांक सात आलं.

दोघींच्याही प्रबंधात घरांना नुसते क्रमांक होते, मालकाचं नाव ज्याच्या त्याच्या वहीत. पण आपण मोजलेलं घर माणूस विसरत नाही. रस्त्याकडची भिंत जराशी तिरपी, पुढे लांब सपरी, म्हणजे ओसरी, सपरीला सात खांब आणि त्यातला एक खांब मोहाच्या झाडाचा, सालीसकट. हे बोरटोल्याच्या नत्थूजींचं घर होतं. अश्लेषाच्या यादीत ते बारावं. तिने ते एकदा नाही, तीनदा मोजलं होतं.

तिने दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. मधल्या खोलीच्या उगवतीच्या भिंतीत काजलने एक दार दाखवलं होतं. रुंदी दोन फूट, उंची साडेचार. अश्लेषाच्या नकाशात तिथे दार नव्हतं. तिथे दीड फूट जाडीची मातीची सलग भिंत होती आणि भिंतीला टेकून बांबूची ढोली, धान साठवायची, गळ्याएवढ्या उंचीची. नत्थूजी आणि त्यांचा धाकटा भाऊ यांच्या वाटण्या झाल्या तेव्हाची ती भिंत. पलीकडे भावाचं घर. अश्लेषाच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या ढोलीवर उभं होतं. वेगळ्या झालेल्या भावाकडे पाठ करून, वाटणीच्या भिंतीलाच टेकवून धान्य ठेवायचं, यात कुटुंबाचं वेगळेपण कसं दिसतं, यावर तिने चाळीस पानं लिहिली होती. पुण्याच्या एका परिषदेत ते वाचलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि काजल म्हणते तिथे दार आहे. एवढंच नाही, त्या एका दारावर तिने अख्खं पाचवं प्रकरण रचलं होतं.

पोरीने घरबसल्या नकाशा काढला, अश्लेषाच्या मनात आलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास आला. तिला आनंद झाला. असा आनंद होऊ नये, हे कळण्याइतकी ती शहाणी होती, पण झाला. संध्याकाळी तिने घरी शिरा केला.

सोमवारी ती सरांच्या केबिनमध्ये गेली. पोहनकर सर भांडणाला फार भिणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अश्लेषा, हा आरोप होते बरं."

"शंका आहे, सर. ते घर मी तीनदा मोजलं. तिथं दार नाही."

"मंग एकदा जाऊन पाहून या ना. हातच्या काकणाला आरसा कशाला? येत्या शुक्रवारी कमिटी बसून राहिली. तुम्ही जे पाहाल ते तिथंच सांगा. दार नसन तर काजलचं प्रकरण थांबवू." ते जरा थांबले आणि म्हणाले, "पण पाहूनच सांगा."

एरवी अश्लेषा फोन केल्याशिवाय कोणाकडे जात नसे. कोणाच्या घरात न सांगता घुसणं तिला असभ्य वाटे, शिवाय संमतीच्या फॉर्मवर कुटुंबप्रमुखाची सही लागे आणि तो घरी असायला हवा. तिने मोजलेल्या बत्तीसच्या बत्तीस घरांत तिची हीच रीत होती. आदल्या दिवशी फोन, दुसऱ्या दिवशी घरधनी सपरीत बाजेवर बसून तिची वाट बघत असे, मग तो पुढे आणि ती मागे अशी घरभर फेरी. पण या वेळी कोणाला तरी रंगेहाथ पकडायचं होतं. तिने फोन केला नाही.

बुधवारी सकाळी अकराला ती बोरटोल्यात पोचली. सपरी रिकामी होती आणि पुढच्या दाराला कडी. नत्थूजी लेकीकडे गेलेले होते. मागून बोलण्याचे आवाज येत होते, म्हणून ती घराला वळसा घालून परसात गेली. तिथे दोन बायका लाखोळीची भाजी निवडत बसल्या होत्या. एक नत्थूजींची बायको प्रयागबाई. दुसरीला अश्लेषाने कधी पाहिलं नव्हतं, पण नाक, कपाळ, हसण्याची ढब, सगळं प्रयागबाईसारखंच.

"अवं मॅडम, तुम्ही तं फोन करून येत असता," प्रयागबाई म्हणाल्या आणि घाईने उठल्या. त्यांची नजर आधी मागच्या दाराकडे गेली. अश्लेषाचीही गेली.

मागच्या दारातून मधली खोली सरळ दिसत होती. एरवी अंधारी असणाऱ्या त्या खोलीत आज उगवतीकडून उजेड आलेला होता. भिंतीतून उजेड येत नाही. अश्लेषा चपला काढून आत गेली. ढोली पार दुसऱ्या कोपऱ्यात सरकवलेली होती, आणि ती जिथे तीन वेळा उभी होती तिथे एक लहानसं दार सताड उघडं होतं. चौकट सागाची, हातांनी गुळगुळीत झालेली. दाराचं वय आठ-दहा वर्षांहून कमी नसावं, हे तिला, आर्किटेक्ट असल्यामुळे, लगेच कळलं.

ती ढोलीजवळ गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा आत डोकावली. ढोलीचा घेर तिने मोजला होता, उंची मोजली होती, बांबूच्या विणीचा फोटो प्रबंधात पूर्ण पानभर छापला होता. आत दोन जुन्या वाकळी होत्या आणि एक मोडका टेबलफॅन.

"धान आता पोत्यातच राहते," प्रयागबाई मागून म्हणाल्या. "ढोली हलकी आहे. दोघी मिळून सरकवतो आम्ही."

"केव्हा सरकवता?"

"पाहुणा येणार असला का."

मग त्यांनी सांगितलं. जे आता दिसलंच होतं ते लपवण्यात अर्थ नव्हता. ती दुसरी बाई गोपिका, त्यांची सख्खी धाकटी बहीण आणि धाकटी जाऊ. दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या. चौदा वर्षांपूर्वी भावाभावात एका बांधीच्या, धानाच्या खाचराच्या, पाण्यावरून भांडण झालं, बोलणं तुटलं, वाटण्या झाल्या, मध्ये भिंत आली.

"भांडण त्यायचं," गोपिका म्हणाली. "आमचं कुठं होतं? मंग आम्ही दार पाडलं."

"आणि नत्थूजींना माहीत नाही?"

दोघी बहिणी एकदमच हसल्या. "माहीत नाही कसं? चौकट त्यायनंच तं आणून देल्ली," प्रयागबाई म्हणाल्या. "दोघाही भावायले माहीत आहे. पण चारचौघात दार नाही आहे. पाहुण्यानं पाहिलं तं गावाले समजन. गावाले समजलं का मंग दोघायलेही मान राखाले दार बुजवा लागन. म्हणून ढोली."

अश्लेषाने कोपऱ्यातल्या ढोलीकडे पुन्हा एकदा पाहिलं. तीन वेळा ती या घरात आली, तीन वेळा घरधन्याने तिला मानाने फिरवलं, आणि तीन वेळा तिने एक झाकण अगदी इंचाइंचाने मोजून नेलं.

"काजलला कसं कळलं?" तिने विचारलं.

"काजल तं यायच्या, आमच्या मालकाच्या, मावसबहिणीची पोरगी. मामा म्हणते यायले. ती परसातूनच येते, तिच्यासाठी कोण ढोली सरकवन? नाव नाही टाकणार, कोणाले घर नाही दाखवणार म्हणून शब्द देल्ला तिनं." प्रयागबाईंनी भाजीचं सूप उचललं. "आता पाहिलंच तं जेवून जा. सैपाक आज गोपिकाकडं आहे. या, पण वाका, दार ठेंगणं आहे."

अश्लेषा वाकली आणि त्या दारातून पलीकडे गेली. गोपिकाच्या चुलीशेजारी पाटावर बसून ती जेवली. दोघी बहिणींनी आग्रह करकरून वाढलं. पर्समध्ये टेप होता, पण तो काढायचं तिला सुचलं नाही.

परतीच्या वाटेवर मात्र तिला बरंच काही सुचलं. काजलने शब्द दिलेला आहे, म्हणजे ती कमिटीला घर दाखवणार नाही. म्हणजे दार आहे की नाही हे आता फक्त अश्लेषाच्या तोंडावर आहे. आणि 'दार नाही' असं सांगितलं तर त्या दोघी बहिणींचं गुपितही राखलं जाईल. वाटेतलं पाचगाव येईपर्यंत तिला हे जवळजवळ पुण्यकर्म वाटायला लागलं होतं. मत्सराला असं सोवळं नेसवलं की तो देवघरातही शिरतो. दार आहे असं सांगितलं तर काय होईल, तेही तिने मोजलं. चौथं प्रकरण गेलं. आणि एका घरी ढोली सरकते तर बाकीच्या एकतीस घरी काय काय सरकलं असेल, देव जाणे. जून गेला, जागा गेली, सात वर्षं गेली.

शुक्रवारी कमिटी बसली. अध्यक्ष डॉक्टर शालिकराम वैरागडे बाहेरून आलेले, निवृत्त नगररचनाकार, कमी बोलणारे आणि ऐकू कमी येतं असं भासवणारे. काजलने पाऊण तास बोलून दाखवलं. ती घाबरलेली होती तरी चांगलं बोलली. तिच्या अंगावर तिच्या आईची वाटावी अशी जुनी रेशमी साडी होती, आणि तीसुद्धा तिला शोभत होती, याचा अश्लेषाला राग आला.

"या घर क्रमांक सातबद्दल शंका आलेली आहे," वैरागडे म्हणाले. "हे दार प्रत्यक्षात नाही असं म्हणणं आहे. तुम्ही कमिटीला घर दाखवू शकता?"

काजलने एकदा अश्लेषाकडे पाहिलं. शंका कोणाची, हे तिला त्या क्षणी समजलं असावं. पण ती रागावलेली दिसली नाही, आणि ते अश्लेषाला जास्त लागलं.

"नाही, सर. घरच्यांना शब्द दिला आहे."

"मग हे प्रकरण ठेवता येणार नाही. घर दाखवा, नाही तर प्रकरण काढा."

"ते काढलं तर पुन्हा वर्षभराचं काम आहे काजल," पोहनकर सर हळूच म्हणाले. "जागाही जाईल हातची. नीट विचार करून सांग."

काजलने विचार केला नाही. "काढते, सर," ती म्हणाली आणि समोरचे कागद गोळा करायला लागली.

झालं. अश्लेषाला काही बोलावंसुद्धा लागलं नव्हतं. गप्प बसलं की जागा तिची होती. पण ती त्या पोरीकडे बघत राहिली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हुशारी हिच्याकडे, गाव हिच्याकडे, परसातून आत जायची वाट हिच्याकडे, आणि आता वरून हा मोठेपणाही हिनेच न्यायचा? सगळ्यांच्या देखत, आईच्या साडीत, एवढं मोठं मन दाखवून ही उठून जाणार, आणि आपण इथे जिंकून बसायचं. ते अश्लेषाला सहन झालं नाही. लोक चांगुलपणाने खरं बोलतात म्हणे. ती जळून बोलली.

"दार आहे," ती म्हणाली. "मी बुधवारी गेले होते. त्या दारातून स्वतः गेले."

वैरागड्यांना या वेळी स्वच्छ ऐकू आलं. "शंका तर तुमचीच होती ना?"

"हो. मी चुकले. घर कुठलं ते मीही सांगणार नाही. पण दार आहे. दोन फूट बाय साडेचार."

"तुमच्या नकाशात तिथे भिंत आहे. ढोलीसुद्धा आहे."

"माझा नकाशा पाहुण्यांसाठी आवरलेल्या घराचा आहे, सर. मी फोन करून जायची. ते आवरून ठेवायचे."

"बाकीची घरं?"

"एकतीसही फोन करूनच मोजली."

पोहनकर सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग वैरागड्यांनी काजलच्या कागदावर सही केली, आणि अश्लेषाकडे वळून बरंच सौम्यपणे सांगितलं की क्षेत्रकाम पुन्हा करावं लागेल, जूननंतर नव्याने नोंदणी करता येईल. ते सौम्य बोलले, हे तिला शिवीपेक्षा वाईट वाटलं. खरं बोलल्यावर हलकं वाटतं असं तिने लहानपणापासून ऐकलं होतं. तिला काही हलकं वाटलं नाही. जागा गेली होती आणि ती काजलला मिळणार होती, आणि दुखत होतं तिथेच अजून दुखत होतं.

बाहेर पॅसेजमध्ये काजल तिची वाट बघत उभी होती. आता ही पाया पडणार, अश्लेषाला वाटलं, आणि तिने मनाची तयारी केली. काजल पाया पडली नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही त्या दारातून गेल्या? म्हणजे पल्याड?"

"हो. गोपिकाबाईंकडे."

"आत?"

"हो, आत. का गं?"

काजलने साडीचा पदर हातात गुंडाळला. "मले नाही जाऊ देलं त्यायनं. दोन वर्षं जाऊन राहिली मी. भांडणात आमच्या घरचे नत्थूमामाच्या बाजूनं होते, म्हणून मी त्याच्याकडची ना. मी तिकडं पाय ठेवला तं मामाची भाची तिकडं गेली असं होते, मंग लोकं बोलतात. उंबऱ्यावरूनच पाहिलं मी सगळं. तिकडली चूल कुठं आहे, ते भांड्यायच्या आवाजावरून काढलं." ती थांबली. "केवढं आहे मॅडम, तिकडलं सैपाकघर?"

"मोजलं नाही," अश्लेषा म्हणाली. "जेवले तिथं."

काजल हसली, पण नुसती ओठांनी. तिच्या डोळ्यांत जे आलं ते अश्लेषाने तत्काळ ओळखलं. तीन वर्षं ते तिच्याच घरी राहायला होतं.

"दोघी होत्या वाढायले?" काजलने विचारलं.

"दोघी."

"काय वाढलं?"

पॅसेजमध्ये एक बाक होता. अश्लेषा त्यावर ऐसपैस बसली, पर्स मांडीवर घेतली, आणि एकेक पदार्थ सावकाश सांगायला लागली.